दातही हवेत आणि चणेही

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दैवाच्या उफराट्या न्यायाबद्दल बोलताना ती सहज तोंडी येते. चणे विकत घ्यायची ऐपत येईपर्यंत ते चावायचे वय निघून जाते, असा तिचा भाव. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तिच्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे, वय झाले की दात जाणारच. केस पांढरे व्हावेत, नजर अधू व्हावी, तसे दात पडावेत. त्यात कोणाचा दोष नाही आणि त्यावर कोणाचा इलाजही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोळके, रात्री वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवलेली कवळी, विडा कुटायचा छोटासा खलबत्ता, दुधात कुस्करलेली भाकरी हे सारे आपण म्हातारपणाचे ठरलेले सामानच समजतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अशा ‘निसर्गनियमां’बद्दल नेहमी कुतूहल वाटत आले आहे. कारण पुष्कळदा असे दिसते की, ज्याला आपण निसर्गाचा नियम म्हणतो, तो खरे म्हणजे एखाद्या काळाचा आणि एखाद्या समाजाच्या राहणीचा नियम असतो. काळ बदलला, राहणी बदलली की तो नियमही बदलतो. दातांच्या बाबतीत हे जितके स्पष्टपणे जपानमध्ये दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. आपल्या त्या म्हणीतले दोन्ही अर्धे भाग जपानी समाजाने एकामागून एक भोगले. दात होते तेव्हा चणे नव्हते; चणे आले तेव्हा दात गेले. आणि मग १९८९ साली त्या देशाने सरकारी पातळीवर ठरवले की, ही म्हण खोटी पाडायची. ती कितपत खोटी पडली, त्याची ही हकिकत.

सुरुवात थोडी मागून करू. जपानी भाषेत दाताला ‘हा’ म्हणतात. जपान्यांनी चीनकडून जी चित्रलिपी घेतली, तिच्यात ‘वय’ या अर्थाच्या एका अक्षराचा अर्धा भाग म्हणजे ‘दात’ हे अक्षर आहे. दात आणि आयुष्य ही जोडी अशी लिपीतच बसलेली आहे. आपल्याला त्याचे नवल वाटू नये. आपल्या बैलबाजारात आजही जनावराचे वय विचारत नाहीत, जबडा उघडून दात पाहतात. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे शब्द शेतकऱ्याला कोणत्याही जन्मतारखेपेक्षा अधिक खात्रीचे वाटतात.

जपानी राजदरबारात नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांत ‘हागातामे’ नावाचा एक विधी असे. ‘हागातामे’ म्हणजे दात घट्ट करणे. मुळा, मांस, खारवलेले मासे, तांदळाचा घट्ट मोची असे चावायला लागणारे पदार्थ खायचे आणि दीर्घायुष्य मागायचे. हजार वर्षांहून जुनी ही रीत आहे. की नो त्सुरायुकी हा कवी दूरच्या तोसा प्रांताचा सुभेदार होता. ९३५ साली तो होडीतून राजधानीकडे परतत होता, तेव्हा नववर्षाचा दिवस वाटेतच उगवला. या प्रवासाच्या त्याच्या प्रसिद्ध रोजनिशीत, दात घट्ट करण्याचे पदार्थसुद्धा होडीवर नव्हते, अशी नोंद आहे. म्हणजे जो चावू शकतो तो जगतो, ही गोष्ट कोणत्याही दंतवैद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी लोकांना ठाऊक होती. आज आपण जिला ‘चावण्याची क्षमता’ म्हणतो, तिचा तो सणासारखा साजरा होणारा पूर्वज.

पण विधी करून दात थोडेच टिकतात? ते पडत होतेच, आणि पडलेल्या दातांवर जपानी माणसाने जो उपाय शोधला, तो थक्क करणारा आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, अशी गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ती खरी नाही. १७८९ साली अध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता हे खरे. पण त्यांच्या कवळ्या पाणघोड्याच्या दातांच्या, माणसांच्या आणि जनावरांच्या दातांच्या होत्या, आणि त्या स्प्रिंगांच्या जोरावर तोंडात बसत. खरी लाकडी कवळी जपानात होती, तीही त्याच्या अडीचशे वर्षे आधी. वाकायामा येथील गान्जोजी या देवळाची संस्थापक असलेली नाकाओका तेई नावाची बौद्ध भिक्षुणी १५३८ साली वारली. तिची कवळी आजही उपलब्ध आहे. ‘त्सुगे’ नावाच्या झाडाच्या घट्ट लाकडातून ती कोरलेली आहे. जपानात कंगवे आणि शिक्के याच लाकडाचे करतात. त्या कवळीवर घासल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ती नुसती शोभेची नव्हती, भिक्षुणी तिने जेवत होती.

ही कवळी बनवण्याची पद्धतही पाहण्यासारखी होती. मधमाशीच्या मेणाने हिरडीचा साचा घ्यायचा, त्याबरहुकूम लाकूड कोरायचे, मग हिरडीला रंग लावून कवळी बसवून पाहायची. लाकडावर जिथे रंग उमटेल तिथे ते टोचते आहे असे समजून तेवढेच तासायचे. असे करत करत ती इतकी चपखल बसवायची, की स्प्रिंग नको, तार नको, टाळूला ती आपसूक चिकटून राहावी. मूर्ती कोरणाऱ्या कारागिरांच्या हातांतून ही विद्या आली, असे अभ्यासक मानतात. शोगुनांना तलवार शिकवणाऱ्या यागिउ घराण्यातल्या मुनेफुयुचे निधन १६७५ साली झाले. पुढे १९२७ साली त्याच्या थडग्यात अशीच लाकडी कवळी मिळाली. एवढा मोठा तलवारबहाद्दर, पण जेवायला बसला की त्याची भिस्त लाकडाच्या तुकड्यावर!

बायकांच्या कवळीचे दात काही वेळा काळे करत. त्याचे कारण मराठी माणसाला पटकन समजेल. जपानात लग्न झालेल्या स्त्रिया दात काळे करत. लोखंडाचे पाणी आणि झाडावरच्या गाठींची तुरट पूड मिळून होणाऱ्या या काळ्या रंगाला ‘ओहागुरो’ म्हणत. आपल्याकडेही सुवासिनी दातांना दातवण लावत. हिराकस, मायफळ अशा पदार्थांचे ते मिश्रण असे आणि काळेभोर दात हे सौभाग्याचे लक्षण मानले जाई. दोन्ही देशांतली ही कृती लोखंड आणि तुरट द्रव्ये यांच्यावरच आधारलेली आहे. दोघांचा काही संबंध नसताना दोन समाज एकाच रसायनापाशी पोहोचले. या तुरट लेपामुळे किडीपासून थोडेबहुत संरक्षण मिळत असावे, असेही म्हटले जाते. जपानात १८७० साली सरदार घराण्यांना ओहागुरोची बंदी झाली, १८७३ साली सम्राज्ञीनेच पांढरे दात दाखवले आणि ती चाल हळूहळू मागे पडली. आपल्याकडचे दातवणही असेच गेले.

आता म्हणीच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे वळू: दात आहेत, पण चणे नाहीत. शिचिरो फुकाझावा या लेखकाने १९५६ साली ‘नारायामा बुशिको’ ही कथा लिहिली. डोंगराळ भागातल्या एका दरिद्री खेड्यात, माणूस सत्तर वर्षांचा झाला की मुलाने त्याला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडून यायचे, अशा लोककथेवर ती आधारलेली आहे. अशी प्रथा सर्रास होती याला इतिहासात भक्कम पुरावा नाही. लोककथा मात्र जपानभर सांगितल्या जात. या कथेतली ओरिन एकोणसत्तर वर्षांची आहे आणि तिचे दात शाबूत आहेत. आपल्याला वाटेल, केवढे भाग्य! पण तिला त्याची लाज वाटते. जिथे पोटभर अन्न कोणालाच नाही, तिथे म्हातारीचे मजबूत दात म्हणजे नातवंडांच्या तोंडचा घास. लोक तिची टिंगल करतात. शेवटी ती स्वतःचे समोरचे दात दगडावर आपटून पाडते. १९५८ साली या कथेवर पहिला चित्रपट निघाला, तेव्हा किनुयो तानाका या नामवंत अभिनेत्रीने भूमिकेसाठी आपले समोरचे दात काढवून घेतले होते. पुढे शोहेइ इमामुरा यांच्या चित्रपटाला १९८३ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

मला ही कथा दंतवैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथाइतकी महत्त्वाची वाटते. कारण म्हाताऱ्या माणसाने चावावे की नाही, हा प्रश्न फक्त दातांचा नसतो, हे ती सांगते. घरात त्याच्यासाठी किती घास आहेत आणि घरच्यांना ते घास त्याचे वाटतात का, हाही प्रश्न त्यात असतो. ‘आता या वयात कशाला हवेत दात?’ असे जेव्हा आपण सहज बोलून जातो, तेव्हा त्या बोलण्यात ओरिनच्या खेड्याचा थोडासा अंश असतोच.

मग चणे आले. ते आले साखरेच्या रूपाने. जपानला साखर मुख्यतः तैवानमधून येई आणि तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जपानी माणूस वर्षाला सुमारे १५ किलो साखर खात होता. युद्धात समुद्रमार्ग तुटले, पराभवानंतर तैवान गेले आणि १९४६ साली माणशी एक किलोही साखर मिळेना. जपानी दंतसंशोधकांनी या काळातल्या शाळकरी मुलांच्या नोंदी पुढे तपासल्या, तेव्हा त्यांना दिसले की साखर गेली तशी दातांची कीडही उतरली होती. कोणत्याही प्रयोगशाळेत करता आला नसता असा प्रयोग युद्धाने लक्षावधी मुलांवर केला होता. भूक भयंकर होती, पण दात बरे होते.

शांतता आली, उद्योग वाढले, मिठाई, चॉकलेट, गोड पेये घरोघर पोहोचली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला माणशी साखर २५ किलोंच्या पुढे गेली. त्या काळाला जपानी लोक ‘किडक्या दातांचा महापूर’ म्हणतात. दंतवैद्य अपुरे पडले. दवाखान्यापुढे पहाटेपासून रांगा लागत. सरकारने दंतवैद्यकाची महाविद्यालये वाढवली. आज त्यांची संख्या २९ आहे आणि देशात दंतवैद्यांचे दवाखाने ६५ हजारांहून अधिक आहेत. कोपऱ्याकोपऱ्यावर असणाऱ्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानांपेक्षाही ते जास्त आहेत, असे तिथले लोक गमतीने सांगतात. आणि ते खरेही आहे.

१९६१ साली जपानात प्रत्येक नागरिकाला आरोग्य विमा मिळाला. त्यात दातांचे उपचार होते आणि कवळीसुद्धा होती. गरिबातल्या गरीब म्हाताऱ्यालाही कवळी मिळू लागली, ही फार मोठी गोष्ट. पण या व्यवस्थेत एक खोच होती. दात बिघडला की तो कोरायचे, भरायचे, काढायचे पैसे विमा देई; तो बिघडू नये म्हणून केलेल्या कामाचे नव्हे. त्यामुळे सारी यंत्रणा दुरुस्तीच्या कामात गुंतली. दुरुस्त केलेला दात पुन्हा किडला, पुन्हा कोरला, शेवटी काढला, आणि पन्नाशी-साठीत माणूस कवळीवर आला. दवाखाने वाढले तरी म्हाताऱ्यांच्या तोंडातले दात वाढेनात. चणे होते, दात नव्हते.

हे आपण आज सांगू शकतो, कारण जपानने एक साधे काम चिकाटीने केले होते. त्यांनी दात मोजले. १९५७ सालापासून तिथे ठरावीक वर्षांनी देशभर दातांची पाहणी होते. शास्त्रशुद्ध रीतीने निवडलेल्या घरांतल्या माणसांच्या तोंडात डोकावून किती दात आहेत, किती किडलेले, किती भरलेले, याची नोंद ठेवली जाते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या नोंदींतून दिसत होते की, ८० वर्षांच्या माणसाच्या तोंडात सरासरी चार-पाचच दात उरलेले आहेत. तेव्हाचे सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या आसपास पोहोचले होते. म्हणजे आयुष्य वाढले आणि त्या वाढीव आयुष्याचा बराचसा भाग लोक बोळक्याने किंवा कवळीने काढत होते.

१९८९ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने आणि तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने मिळून एक घोषणा दिली: ‘८०-२०’. ऐंशीव्या वर्षी वीस दात. बस, इतकेच. वीसच का? आपल्याला अक्कलदाढा सोडल्या तर अठ्ठावीस दात असतात. त्यातले निदान वीस स्वतःचे असले, तर जवळपास सगळे पदार्थ चावता येतात, असे त्यावेळच्या अभ्यासांत आढळले होते. तांदळाचे कडक पापड, मुळ्याचे लोणचे, माकुळ, शेंगदाणे असे पदार्थ कोणाला खाता येतात आणि कोणाला नाही, हे विचारून त्यांनी दातांच्या संख्येशी त्याचा मेळ घातला होता. कवळीने माणूस जेवतो हे खरे, पण तिचा जोर खऱ्या दातांच्या जोरापेक्षा पुष्कळच कमी पडतो. मग आपोआप मऊ भात, पाव, पेज यांच्याकडे कल जातो. पालेभाज्या, कडधान्ये, मांस, फळे मागे पडतात. शरीराला जे हवे तेच ताटातून कमी होते.

या घोषणेतली खरी मेख अशी, की तिने प्रश्नच बदलला. आतापर्यंत विचारले जाई, किती दात भरले, किती कवळ्या बसवल्या? आता विचारले जाऊ लागले, किती दात राहिले? आणि ऐंशीव्या वर्षी वीस दात राहायचे असतील, तर काम चाळिशी-पन्नाशीतच सुरू करायला हवे, हे ओघाने आलेच. पालिकांमार्फत ४०, ५०, ६० आणि ७० या वर्षी हिरड्यांची तपासणी होऊ लागली. ऐंशी ओलांडूनही वीस दात राखणाऱ्या आजी-आजोबांचे गावोगावी सत्कार होऊ लागले. जिथे ओरिनला आपल्या दातांची लाज वाटत होती, तिथे तिच्या नातवंडांच्या पिढीत तेच दात दाखवण्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळू लागले!

निकाल काय लागला? १९८९च्या सुमारास ऐंशीच्या घरातल्या शंभरांतल्या दहा जणांकडेही वीस दात नव्हते. २००५च्या पाहणीत चौघांत एकाकडे ते आढळले. २०११ मध्ये शंभरांत सुमारे चाळीस, आणि २०१६ मध्ये ५१.२ टक्के. म्हणजे ऐंशीव्या वर्षी निम्म्याहून अधिक लोक आपल्या दातांनी चावत होते. एका पिढीच्या अवधीत झालेला हा बदल आहे.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे टाळ्या वाजवून थांबता कामा नये. हे सारे श्रेय मोहिमेचेच का? थोडा हिशेब करून पाहू. २०१६ साली जे ऐंशीचे होते, ते जन्मले १९३६ साली. त्यांचे कायमचे दात आले साधारण १९४२ ते १९५० या काळात, म्हणजे नेमके साखर नव्हती तेव्हा. त्यांच्या पदरात पडलेले हे एक दुर्दैवी सुदैव होते. दुसरे असे की, १९८९ साली मोहीम सुरू झाली तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. म्हणजे पन्नाशीत त्यांना कोणीतरी जागे केले. तिसरे कारण साधेच आहे, टूथपेस्टचे. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड घातलेल्या पेस्ट १९८०च्या दशकात जपानात थोड्याच विकल्या जात. २०१५च्या सुमारास दहांतल्या नऊ पेस्ट तशा होत्या. तेव्हा लहानपणची टंचाई, पन्नाशीतली जाग आणि रोजचा ब्रश या तिन्हींनी मिळून हे घडवले. घोषणेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण नुसत्या घोषणेने दात उगवले नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०२२च्या पाहणीत हा आकडा ५१.६ टक्के निघाला. म्हणजे २०१६ ते २०२२ या काळात चढण जवळजवळ थांबली होती.

शिवाय दात राहिले की त्यांच्याबरोबर दातांची दुखणीही राहतात. ज्यांना दातच नाहीत, त्यांना हिरड्यांचा पायरिया कुठून होणार? आज जपानात पंच्याहत्तरीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या हिरड्यांत रोगाचे खोल कप्पे सापडतात. तिथे २०१८ साली झालेल्या एका पाहणीनुसार दात गमावण्याच्या कारणांत हिरड्यांचे रोग पहिले, ३७ टक्के, आणि कीड दुसरी, २९ टक्के. पायरिया दुखत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा कावा. घासताना थोडे रक्त येते, तोंडाला वास येतो, दात किंचित लांब दिसू लागतात आणि चाळिशीतला माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो. सत्तरीत जो दात हलतो, तो चाळिशीतच सुटायला लागलेला असतो. ठरावीक वर्षी तपासणीची सोय असूनही तिथेसुद्धा फार थोडे लोक तिचा लाभ घेतात, ही जपानी दंतवैद्यांची जुनी तक्रार आहे.

आणखी एक शोध तिथल्या शुश्रूषागृहांनी लावला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना न्यूमोनिया वारंवार होतो. ताकेयोशी योनेयामा या दंतवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा शुश्रूषागृहांत दोन वर्षे एक साधा प्रयोग केला. काही वृद्धांचे तोंड प्रत्येक जेवणानंतर मदतनीसांकडून नीट साफ करवले, बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे ठेवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांत शंभरांतल्या १९ जणांना न्यूमोनिया झाला. तोंड साफ ठेवलेल्यांत ११ जणांना. कारण उघड आहे. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या माणसाची लाळ झोपेत श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात जातात. ज्या म्हाताऱ्याला स्वतःचा ब्रश धरवत नाही, त्याचे तोंड धुणे ही केवळ स्वच्छता नसून तो त्याच्या फुप्फुसांचा इलाज आहे.

त्यातून पुढे असे लक्षात आले की, दात मोजून भागत नाही. चावणे हे दातांचे एकट्याचे काम नाहीच. गाल, जीभ, ओठ, लाळ सगळे त्यात राबतात. दात घास दळतात, पण तो परत परत दातांखाली सरकवते ती जीभ, आणि त्याचा लगदा बांधते ती लाळ. जपानात दर नववर्षाला, त्या जुन्या दीर्घायुष्याच्या मोचीनेच, घशात अडकून काही वृद्ध दगावतात आणि अग्निशमन दलाला इशारे द्यावे लागतात. मोची दातांनी तुटतो, पण गिळताना जीभ आणि घसा कमी पडतात. म्हणून २०१८ सालापासून तोंडाची ही एकूण दुर्बलता तिथल्या विम्यात आजार म्हणून नोंदली गेली. तिच्या तपासणीत रुग्णाला जेलीची एक गोळी वीस सेकंद चावायला देतात, मग चूळ भरायला लावून त्या पाण्यात किती ग्लुकोज उतरले ते मोजतात. जितके चांगले चावले, तितके ग्लुकोज जास्त.

याच तपासणीतली दुसरी चाचणी मला फार आवडते. रुग्णाला ‘पा-पा-पा’, ‘ता-ता-ता’, ‘का-का-का’ असे जमेल तितक्या भराभर म्हणायला सांगतात आणि सेकंदाला किती वेळा जमले ते मोजतात. ‘पा’ने ओठांची ताकद कळते, ‘ता’ने जिभेच्या टोकाची, ‘का’ने जिभेच्या मुळाची. वृद्धांच्या केंद्रांत जेवणाआधी सगळे एका सुरात ‘पा-ता-का-रा’ म्हणतात. तोच त्यांचा तोंडाचा व्यायाम. आपल्याला यात ओळखीचे काही दिसते ना? ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य! आपल्या वर्णमालेत उच्चारांची मांडणी तोंडातल्या जागेनुसार केलेली आहे. जपानी अक्षरमालेचा क्रमही बौद्ध भिक्षूंनी तिथे नेलेल्या संस्कृत वर्णविचारातूनच घडला. पाणिनीच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी तोंडाचा जो नकाशा काढला, तोच आज टोकियोतल्या आजीबाईंना घास गिळायला मदत करतो आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

मग आपले काय? जपानची सारी यंत्रणा उचलून इथे आणता येणार नाही. तिथे विमा आहे, कोपऱ्यावर दवाखाना आहे. आपल्याकडे दाताच्या उपचाराचा खर्च बहुतेक घरांत खिशातूनच होतो आणि घरखर्चात आजोबांच्या दाताचा क्रम सगळ्यात शेवटी लागतो. त्यात मिश्री, तंबाखू आहे. अनेक बायका दुखरा दात बधिर व्हावा म्हणून मिश्री लावू लागतात आणि तिच्याच आहारी जातात. दात तर जातातच, कर्करोगाचा धोका पदरी येतो. आणि या सगळ्यावर आपला तो आवडता शेरा: वय झालं!

तरी ज्या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, त्याही या हकिकतीत आहेतच. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे न सोडता, त्यासाठीच दंतवैद्याकडे जाणे. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाचे तोंड रोज पुसून काढणे आणि त्यांची कवळी रात्री काढून धुणे. मिश्रीची डबी घरातून बाहेर काढणे. आणि चाळिशीपन्नाशीत असलेल्या मुलांनी, आईवडिलांच्या दातांकडे पाहता पाहता आपलेही दात आरशात पाहणे.

जपानमध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांची दरवर्षी आरोग्य तपासणी होते. २०१८ सालापासून तिच्या प्रश्नावलीत रक्तदाबाच्या, साखरेच्या औषधांविषयीच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न वाढला आहे. जेवताना तुम्हाला काहीही चावता येते का. की दात, हिरड्या किंवा दातांची ठेवण यांमुळे काही वेळा चावताना त्रास होतो. की जवळजवळ चावताच येत नाही? तीन पर्याय, त्यातल्या एकावर खूण करायची. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांना हा प्रश्न जरूर विचारा. ‘हल्ली मला भाकरी नकोशीच वाटते,’ असे उत्तर आले, तर भाकरी खरोखर नकोशी झाली आहे की ती चावत नाही म्हणून, एवढे नक्की विचारून घ्या.